एम.ए. इंग्रजीची प्रवेश परीक्षा: उर्दू येते, मराठी येते, मग घाबरायचे कशाला?

नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये आता आपल्या मुलीही दिसू लागल्या आहेत. कोंढवा, मोमिनपुरा, घोरपडे पेठेतून त्या सकाळी येतात. बहुतेक जणींसमोर स्पर्धा परीक्षेची पुस्तके असतात, पण काही जणी बी.ए.नंतर एम.ए. इंग्रजीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत असतात. त्यांच्या अम्मी-अब्बांचा मला एकच प्रश्न असतो, "मॅडम, आमची पोरगी उर्दू माध्यमातली. इंग्रजी माध्यमाच्या मुलांपुढे टिकेल का?" टिकेल. पण आधी परीक्षा नीट समजून घ्यायला हवी.

कोणती परीक्षा?

दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ अशा केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा असते. जामिया आणि अलीगढबाबत मात्र घाई करू नका. ही दोन्ही विद्यापीठे काही अभ्यासक्रमांनाच सीयूईटीचे गुण धरतात, बाकीच्यांसाठी त्यांची स्वतःची परीक्षा आणि वेगळा फॉर्म असतो. पुण्यातच शिकायचे असेल, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागांसाठी विद्यापीठ स्वतः प्रवेश परीक्षा घेते. एकच फॉर्म भरून निवांत बसल्यामुळे वर्ष वाया गेलेली मुले मी पाहिली आहेत.

गुणांचा हिशोब

2025 च्या सीयूईटी-पीजीत 75 प्रश्न आणि 90 मिनिटे होती. म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 गुण वजा. या वजा गुणाला मुले फार घाबरतात. माझ्या एका विद्यार्थिनीने थोडी शंका वाटली म्हणून 14 प्रश्न कोरे सोडले. आता हिशोब बघा. चार पर्यायांतले दोन चूक आहेत हे कळले आणि उरलेल्या दोनांतला एक निवडला, तर असे दोन प्रश्न मिळून साधारण एक बरोबर, एक चूक येतो. 4 मिळाले, 1 गेला, 3 उरले. म्हणून दोन पर्याय बाद करता आले, तर प्रश्न सोडू नका.

संज्ञा वगैरेंचे प्रश्न 20-30 सेकंदांत होतात. तिथे वाचलेला वेळ उताऱ्यांसाठी ठेवा. उताऱ्याचे प्रश्न आधी वाचा, मग उतारा.

तुमची शिदोरी

या विषयात साहित्यिक संज्ञा, साहित्याचा इतिहास, समीक्षा हे सगळे येते. इथे उर्दू-मराठी घरातली मुले मागे नाहीत. सिमिली म्हणजे आपली तशबीह, मराठीतली उपमा. मेटाफर म्हणजे इस्तिआरा, रूपक. हायपरबोली म्हणजे मुबालगा, अतिशयोक्ती. फ्री व्हर्स म्हणजे आझाद नज्म, मुक्तछंद. सॉनेट चौदा ओळींचे. केशवसुतांनी ते मराठीत आणले आणि पुढे त्याला सुनीत नाव मिळाले. एलिजी समजायला मर्सिया आणि ओड समजायला कसीदा आठवा. मात्र हे जुळे भाऊ नाहीत, लांबचे नातेवाईक आहेत. मर्सियाची परंपरा मुख्यतः करबलाशी बांधलेली आहे, एलिजी कोणाच्याही मृत्यूवर असते. एका वहीत तीन रकाने करा: इंग्रजी, उर्दू, मराठी. रोज पाच संज्ञा लिहा.

सनावळीही अशीच लक्षात ठेवता येते. गालिब 1797 चे, कीट्स 1795 चा, आणि रोमँटिक काळाची सुरुवात मानला जाणारा 'लिरिकल बॅलड्स' 1798 चा. व्हिक्टोरियन काळ म्हणजे 1837 ते 1901. याच नारायण पेठेतल्या केसरी वाड्यावरून जाताना आठवा, 'केसरी' 1881 मध्ये सुरू झाला, तो याच काळात. भारतीय इंग्रजी साहित्यात अहमद अलींची 'ट्वायलाइट इन दिल्ली' (1940) आणि अरुण कोलटकरांची 'जेजुरी' (1976) विसरू नका. पहिलीत दिल्लीतले मुस्लिम घर आहे, दुसरीचे कवी मराठीतही लिहिणारे.

पुस्तकांवर फार खर्च नको. अप्पा बळवंत चौकात वापरलेली पुस्तके मिळतात. पण अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका एनटीएच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

रमजान आणि परीक्षा

2024 आणि 2025, दोन्ही वर्षी परीक्षेचे बहुतेक दिवस रमजानमध्ये आले. 2025 मध्ये शेवटची पाळी दुपारी 4 ते 5.30 होती, म्हणजे इफ्तारच्या जरा आधी. ज्यांना तशी पाळी मिळू शकते त्यांनी काही सराव चाचण्या रोजा असताना, त्याच वेळी द्याव्यात. सेहरीनंतर, फजर पढून, सकाळचे दोन तास उताऱ्यांसाठी सगळ्यात चांगले. केंद्र लांब असेल तर इफ्तारसाठी खजूर-पाणी सोबत घेऊन निघा.

आता एक गोष्ट पालकांसाठी. या महिन्यात इफ्तारची तयारी, पाहुणे, ईदची खरेदी हे सगळे मुलींच्याच अंगावर पडते. भाऊ परीक्षेला बसला की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि बहीण बसली की तिला भजी तळायला हाक मारतात. तिला तेवढे तीन आठवडे मोकळे द्या. भजी भावानेही तळली तर काही बिघडत नाही. मेहनत तिची, दुआ तुमची, मग यश मिळेल, इन्शाअल्लाह.