गाडी नवी, गुडघे जुने

घराच्या दारात नवी मोटार उभी राहिली, की तिला हार घालण्याचा मान घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला मिळतो. पुढे काही महिन्यांतच त्याच व्यक्तीच्या तोंडी "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी" हे वाक्य वारंवार येऊ लागते. कुटुंबीय त्याचा अर्थ वयाचा हट्ट किंवा मनाची उदासी असा लावतात. प्रत्यक्षात कारण पुष्कळदा साधे असते. त्या गाडीत चढता-उतरता येत नाही, आणि चारचौघांत ते सांगण्याचा संकोच वाटतो.

सरसेनापती प्रतापराव गुजर यांच्या १६७४ मधील बलिदानामुळे आपणांस परिचित असलेल्या नेसरीत मी रुग्णसेवा करतो. हृदयाची तपासणी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, सांध्यांचा सल्ला यांसाठी आमच्याकडील रुग्णांना गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे लागते. म्हणून गाडी ही आमच्यासाठी केवळ चैनीची वस्तू उरत नाही. ती उपचाराचाच एक भाग असते. "डॉक्टर, त्या गाडीत चढायचं म्हंजे माळ्यावर चढल्यागत हाय," असे एखादी आजी सांगते, तेव्हा तिची फेरतपासणी का लांबली, याचा उलगडा होतो. अशा वेळी दोष केवळ तिच्या गुडघ्यांना देणे अन्यायाचे आहे. गाडीची आखणीही तितकीच जबाबदार असते. ती आखणी आपण बदलू शकत नाही, पण तिच्या खोडी ओळखल्या, तर बहुतेक अडचणींवर घरच्या घरी उपाय करता येतो.

आसनाची उंची

पूर्वीच्या अँबेसेडर गाडीचे आसन घरातील कोचासारखे रुंद आणि साधारण खुर्चीच्या उंचीचे होते. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० बुटकी होती. तिच्यात बसणे म्हणजे जवळजवळ पाटावर बसणे. आज घरोघरी दिसणाऱ्या उंच गाड्यांनी दुसरे टोक गाठले आहे. त्यांचे आसन कित्येकदा बुटक्या व्यक्तीच्या कमरेपर्यंत येते. उंबरठा रुंद असतो आणि मागच्या दाराची खालची बाजू चाकाच्या कमानीमुळे अरुंद झालेली असते. नऊवारी नेसलेल्या किंवा धोतर घातलेल्या व्यक्तीने तिथे पाय कसा टाकावा, याचा विचार आखणी करताना क्वचितच झालेला दिसतो.

शरीराच्या दृष्टीने पाहता फार खालच्या आसनावरून उठण्यास मांड्यांच्या स्नायूंत बळ लागते, तर फार वरच्या आसनावर चढताना क्षणभर एका पायावर तोल सांभाळावा लागतो. उतारवयात या दोन्ही गोष्टी कमी होतात. बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या किंचित वर राहील, ती उंची सर्वांत सोयीची. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांना तर गुडघे कमरेपेक्षा वर जातील अशा आसनावर बसू नये, असा सल्ला शस्त्रक्रियेनंतर दिला जातो.

तरुण अभियंत्यांना वृद्धांच्या शरीराची कल्पना यावी, म्हणून फोर्ड कंपनीने १९९० च्या दशकात एक खास पोशाख तयार करवून घेतला होता. तो घातला की गुडघे, कोपरे, मान आखडत आणि दृष्टी धूसर होई. आपल्याला अशा पोशाखाची गरज नाही. तो अनुभव असलेली व्यक्ती आपल्या घरातच आहे. गाडी घेण्यापूर्वी तिला विक्रीकेंद्रात सोबत न्यावे आणि तीन वेळा चढ-उतार करून पाहण्यास सांगावे, एवढेच.

चढण्या-उतरण्याची रीत

बहुतेक ज्येष्ठ प्रथम एक पाय आत टाकतात आणि मग शरीर आत ओढतात. पडण्याचा धोका नेमका याच क्षणी असतो. त्याऐवजी पुढील क्रम पाळावा.

१. शक्यतो पुढच्या आसनावर बसावे. तेथील दार मोठे असते. आसन पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करावी.

२. गाडी गटारापासून किंवा उतारापासून दूर, सपाट जागी उभी करावी.

३. गाडीकडे पाठ करून, आसनाची कड पायांच्या मागच्या बाजूस लागेपर्यंत मागे सरकावे. डोके सांभाळून आधी बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत.

४. उतरताना हाच क्रम उलट करावा. दोन्ही पाय बाहेर टेकवून अर्धा मिनिट बसून राहावे. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते.

आसन उंच असेल, तर रुंद बुडाचा, न घसरणारा बुटका स्टूल डिकीत ठेवावा. कायमची पायरी बसवायची असल्यास ती पुरेशी रुंद आणि खडबडीत आहे का, हे पाहावे. पावसाळ्यात गुळगुळीत पायरी उपकारापेक्षा अपकारच करते. फिरणे सुलभ व्हावे म्हणून आसनावर सुळसुळीत कापड अंथरता येते, परंतु गाडी निघण्यापूर्वी ते आठवणीने काढावे.

काळजीवाहकांनी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. वृद्धाचा दंड धरून ओढू नये. खांद्याला इजा होते. तसेच आधारासाठी उघडे दार धरू देऊ नये, कारण ते हलते. छताजवळचा दांडा धरावा. पुढच्या व मागच्या दारांमधील खांबाला हात लावून उभ्या असलेल्या आजोबांची बोटे, कुणीतरी पुढचे दार लावताना चिरडतात. दार लावण्यापूर्वी "हात आत का?" असे मोठ्याने विचारण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी.

पट्टा, मांडी आणि कुलूप

मागच्या आसनावर पाय वर घेऊन मांडी घालून बसणे आपल्याकडील अनेक ज्येष्ठांना सुखाचे वाटते. मात्र त्या स्थितीत पट्टा आपले काम करू शकत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागे बसलेले दोघे मृत्युमुखी पडले. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे आणि तो न लावल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पट्ट्याचा खालचा भाग पोटावरून न जाता कमरेच्या हाडांवरून जावा. मऊ, जाड उशी बुडाखाली घेऊ नये. धक्का बसताच शरीर पट्ट्याखालून घसरते. पट्ट्याची कडी बसवण्याची खाच आसनात खोल रुतलेली असते आणि सांधेदुखीच्या बोटांना ती सापडत नाही. तेव्हा ती कुणीतरी लावून द्यावी. तेवढी मदत घेण्यात कमीपणा नाही.

मागचे दार आतून उघडत नाही, अशी तक्रार पुष्कळदा येते. बहुधा तो बिघाड नसतो. मुलांसाठीचे कुलूप लागलेले असते. दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारी एक छोटी कळ असते. ती फिरवली की झाले. आपोआप लागणारी कुलुपे हाताने उघडण्याची सोय भारतातील नव्या मोटारींत जुलै २०१९ पासून सक्तीची आहे. ती सोय कोठे आहे, हे ज्येष्ठांना दाखवून ठेवावे आणि त्यांच्याकडून एकदा करवूनही घ्यावे.

स्क्रीन आणि बीप

स्वतः गाडी चालवणाऱ्या ज्येष्ठांची मोठी तक्रार स्क्रीनविषयी असते. जुनी बटणे बोटांना न पाहता सापडत. स्क्रीनकडे मात्र पाहावेच लागते. स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये यासंबंधी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चार साधी कामे करण्यास २००५ च्या बटणे असलेल्या जुन्या गाडीत १० सेकंद लागले. एका नव्या स्क्रीनवाल्या गाडीत तीच कामे करण्यास ४४.६ सेकंद लागले आणि तेवढ्या वेळात गाडीने सुमारे १,३७२ मीटर अंतर कापले. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेने २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींसाठी खऱ्या बटणांना महत्त्व दिले आहे, ते याचमुळे.

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते, आणि रस्त्यावरून स्क्रीनवर व पुन्हा रस्त्यावर नजर स्थिर होण्यास अधिक वेळ लागतो. मोतीबिंदूच्या सुरुवातीस समोरून येणाऱ्या दिव्यांची पांढरी तिरीप फार जाचते. ऊस हंगामात अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीचा मागचा भाग अशा डोळ्यांना उशिरा दिसतो. चाळिशीनंतर परवान्यासाठी वैद्यकीय दाखला लागतो; तो केवळ कागद न मानता डोळ्यांची खरी तपासणी करून घ्यावी. प्रवासाआधीच एसी, रेडिओ, रस्ता दाखवणारा नकाशा हे सारे लावून घ्यावे आणि स्क्रीनचा उजेड रात्री कमी करावा.

गाडीच्या सततच्या बीप आवाजांनी काही ज्येष्ठ घाबरतात. त्यांना अर्थ समजावून सांगावा. २०१९ पासूनच्या नियमानुसार ताशी ८० किलोमीटरच्या पुढे थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सलग इशारा वाजतो. उलट ज्यांची श्रवणशक्ती कमी झाली आहे, त्यांना असे उंच पट्टीतले आवाज सर्वांत आधी ऐकू येईनासे होतात. विजेवरील गाडी संथ वेगात तर जवळजवळ निःशब्द असते. अंगणात गाडी मागे घेताना, वृद्ध व्यक्ती दिसेल अशा जागी उभी आहे याची खात्री डोळ्यांनीच करावी.

बटणावर चालणारी गाडी

किल्ली न फिरवता बटणाने सुरू होणारी गाडी कधी कधी बंद करायची राहून जाते, कारण इंजिनाचा आवाज मंद असतो आणि किल्ली खिशातच असते. अमेरिकेत घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये अशा गाड्या चालू राहिल्याने कार्बन मोनॉक्साइड वायूने मृत्यू झाले आहेत. त्यांत वृद्धांची संख्या लक्षणीय होती. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्याकडेही शटर लावलेल्या खोलीत गाडी ठेवण्याची पद्धत वाढते आहे. उतरण्यापूर्वी डॅशबोर्डवरचे दिवे विझले आहेत का, हे पाहावे.

पेसमेकर बसवलेल्यांनी गाडीची पुस्तिका अवश्य वाचावी. बिनकिल्लीच्या गाड्यांतील अँटेनांपासून काही अंतर राखण्याची सूचना अनेक पुस्तिकांत असते. मोबाइल चार्ज करणाऱ्या बिनतारी पट्टीपासूनही छाती दूर ठेवावी.

प्रवासात

एसीची हवा आतल्या आतच फिरवत ठेवल्यास बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालकाला जडपणा, पेंग येते. मधूनमधून बाहेरची हवा घेणारे बटण दाबावे. झोत थेट छातीवर किंवा गुडघ्यांवर नको. दर दीड-दोन तासांनी थांबून चार पावले चालावे. चार तासांहून अधिक काळ एकाच जागी बसल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून बसल्या जागी घोटे वरखाली हलवत राहावे. लघवीला जावे लागेल या भीतीने पाणी पिणे बंद करू नये. थांब्याची मागणी निःसंकोच करावी. इन्शुलिन बंद गाडीत ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीचे तापमान दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते. त्याच कारणाने वृद्धांना किंवा नातवंडांना "पाच मिनिटांत येतो" म्हणून गाडीत बसवून जाऊ नये.

शेवटी ज्येष्ठांना एक विनंती. आपली अडचण मोघमपणे सांगू नका. "पाय वर जात नाही", "उठताना हाताला काही धरायला नाही", "पट्टा सापडत नाही", असे नेमके सांगा. मुलांना ते सांगितल्याखेरीज कळत नाही, आणि कळल्यावर बहुतेक वेळा एक बुटका स्टूल आणि दोन मिनिटांचा धीर एवढ्यावर प्रश्न सुटतो. डोळ्यांची तपासणी, नातीचे लग्न किंवा गावची जत्रा, यांपैकी काहीही गाडीच्या उंबरठ्यापाशी अडून राहू नये.