तांदळातला खडा

भात शिजला की नाही, हे आपण शितावरून ओळखतो. पण तांदळात खडा आहे का, हे एका दाण्यावरून कळत नाही. त्यासाठी ताटात तांदूळ पसरून दाणा न् दाणा पाहावा लागतो. फ्लो सायटोमेट्री ही पेशींची अशीच निवडणी आहे.

मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे, तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, उदाहरण घेऊ. उपचारानंतर अस्थिमज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. १०० पेशींत ५ पेक्षा कमी रोगट दिसल्या, तर रोग आटोक्यात आला असे मानण्याची जुनी रीत आहे. पण उरलेल्या थोड्या पेशींतून रोग पुन्हा उलटू शकतो. म्हणून आता १०,००० पेशींत एखादी रोगट पेशी उरली आहे का, हे शोधतात. पुढचे उपचार किती कडक ठेवायचे, हे बरेचसे त्यावर ठरते.

हे साधते कसे? पेशीवरील ठरावीक प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडे घेतात. त्यांना चमकणारे रंग जोडलेले असतात. ती नमुन्यात मिसळून नमुना बारीक धारेने सोडतात. भोवती वाहणाऱ्या दुसऱ्या द्रवामुळे पेशी एकामागून एक लेसरसमोरून जातात. पुढे विखुरलेल्या प्रकाशावरून पेशीच्या आकारमानाचा, बाजूला विखुरलेल्या प्रकाशावरून आतील कणांचा अंदाज येतो. रंगांवरून प्रथिने ओळखता येतात. सेकंदाला हजारो पेशी अशा तपासल्या जातात.

पेशी नुसत्या मोजता नव्हे, वेगळ्याही काढता येतात. १९६५ मध्ये अमेरिकेत लॉस अलामॉस येथे मॅक फुलवायलर यांनी तसे यंत्र केले. थेंबांना विद्युतभार देऊन वळवण्याची युक्ती त्यांनी रिचर्ड स्वीट यांच्या शाईच्या थेंबांनी लिहिणाऱ्या यंत्रावरून घेतली होती.

पडद्यावर प्रत्येक पेशी ठिपका होऊन उमटते. रोगट ठिपके कोणते, हे मात्र जाणकार माणसालाच पारखावे लागते. उपचारानंतर मज्जेत नव्याने येणाऱ्या निरोगी, कोवळ्या पेशी रोगट पेशींसारख्याच भासतात. म्हणून एका खुणेवर न विसंबता अनेक खुणा पडताळतात.

तेव्हा अहवालात ‘आढळले नाही’ असे वाचलेत, तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारा : पेशी किती तपासल्या? १०,००० त एक शोधायची, तर १०,००० पाहून भागत नाही. काही लाख पाहाव्या लागतात. मूठभर तांदूळ निवडून पोते निवडले, असे म्हणता येत नाही.