एका कार्डावर एकच ओळ! पंच कार्डांच्या काळात संगणक कसा चालायचा?

उल्हासनगर कॅम्प २ च्या बाजारात ६४ जीबीचे मेमरी कार्ड मागितले, की दुकानदार नखाएवढा तुकडा हातावर ठेवतो. १९६० च्या दशकात संगणकाचे ‘कार्ड’ म्हणजे साधारण साडेसात इंच लांबीचा जाड कागद. त्यावर ८० उभे रकाने, एका रकान्यात एकच अक्षर आणि तेही भोकांच्या रूपात. ६४ जीबीसाठी अशी ८० कोटी कार्डे लागतील. ती एकमेकांना चिकटवून उभी रचली, तर रांग उल्हासनगरहून निघून पुणे ओलांडेल!

कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला. देशभरातील संशोधक तो वापरत. पण वापरायचा म्हणजे त्याच्यासमोर बसायचे नाही. अशा केंद्रांत प्रोग्रॅम आधी कागदावर पेन्सिलीने लिहायचा, मग टाइपरायटरसारख्या पंचिंग मशीनवर प्रत्येक ओळीचे एक कार्ड करायचे आणि गठ्ठा खिडकीत जमा करायचा. निकाल छापून मिळायचा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम राहिला असेल, तर हाती फक्त चुकीचा शेरा. ते कार्ड पुन्हा पंच करा, पुन्हा रांगेत लागा. दिवस गेलाच. त्यामुळे गठ्ठा देण्याआधी प्रोग्रॅम ओळीओळीने स्वतःच्या डोक्यात चालवून पाहण्याची सवय त्या पिढीला लागली. ती हौस नव्हती, नाइलाज होता.

मोठी माहिती भरायची असेल, तर तेच काम दोघांकडून करून घेतले जाई. पहिला ऑपरेटर कार्ड पंच करी, दुसरा तीच माहिती पुन्हा टाइप करी. फरक दिसला की मशीन अडून राही.

सर्वात मोठी धास्ती मात्र गठ्ठा हातातून पडण्याची. शेकडो कार्डे विखुरली, की क्रम गेला. फोरट्रान भाषेत ७३ ते ८० हे रकाने क्रमांकासाठी मोकळे असत, पण कंटाळा करून अनेक जण ते रिकामेच सोडत. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढायची. कार्ड चुकीच्या जागी गेले, की रेघ तुटलेली दिसे. पावसाळ्यात दमट हवेने कार्डे फुगत आणि वाचणाऱ्या यंत्रात अडकत, ते वेगळेच.

कार्डे गेली, पण ८० चा आकडा राहिला. पडद्यावरील ओळही पुढे अनेक वर्षे ८० अक्षरांचीच होती. आज मोबाइलवर शिकता येणाऱ्या पायथन भाषेच्या लेखन-नियमांतही ओळीची मर्यादा ७९ अक्षरे आहे.