जुनी ऑफ-रोड मोटरसायकल : चोरीची शंका आणि पडताळणी

अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव असल्याने, उसाच्या फडांकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवर उंच बांध्याच्या एक्सपल्स किंवा हिमालयनसारख्या ऑफ-रोड मोटरसायकली सोयीच्या ठरतात. मात्र अशी जुनी गाडी घेताना ती चोरीची नाही ना, हे केवळ एमएच-२१ या जालना जिल्ह्याच्या पाटीवरून ठरत नाही, कारण पाटी बदलता येते. खरी ओळख चासी क्रमांकाची, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेल्या सतरा अंकाक्षरांची. तो बहुधा हँडलखालच्या मानेवर असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच नसतात. चिखल पुसून बोट फिरवावे : कानशीने घासल्याची चकाकी, वेडीवाकडी अक्षरे किंवा तेवढ्याच जागी नवा रंग दिसला, तर भाव कितीही पडता असो, व्यवहार तिथेच थांबवावा.

हा क्रमांक व इंजिन क्रमांक आरसी पुस्तकाशी ताडून, नोंदणी ‘एमपरिवहन’ या सरकारी अ‍ॅपवर पाहावी, आणि चोरीच्या नोंदीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची (एनसीआरबी) ‘वाहन समन्वय’ ही सेवा वापरावी. अर्थात, फिर्यादच दाखल नसेल तर तेथेही काही दिसत नाही. कर्जाचा बोजा असल्यास वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला लागतो. मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ व ३० वर विक्रेत्याची सही समक्ष घ्यावी. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.