राखेचा माग

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी सकाळी अचानक फुटला. गेल्या १२ हजार वर्षांत तो फुटल्याची कुठे नोंद नव्हती, त्यामुळे त्याचे नाव जाणकारांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असावे. सोमवारी संध्याकाळी त्याचा ढग तांबडा समुद्र, येमेन, ओमान आणि अरबी समुद्र ओलांडून गुजरात-राजस्थानवर आला आणि रात्री दिल्लीवर पोहोचला. चार हजार किलोमीटरचा प्रवास दीड दिवसात. आखाताकडची काही उड्डाणे रद्द झाली, काहींच्या वाटा बदलल्या, राखेच्या मार्गावरून आलेली विमाने तपासणीसाठी उभी करावी लागली.

इकडे समाजमाध्यमांवर वेगळीच आवई उठली होती : आता श्वास कोंडणार. पण ढग जमिनीपासून कित्येक किलोमीटर वर, जेट विमाने उडतात त्या थरात होता. दिल्लीची हवा बिघडवायला दिल्ली समर्थ आहे, तिला इथिओपियाची मदत लागत नाही. धोका होता तो इंजिनांना.

'राख' या शब्दानेच आपली फसगत होते. राख म्हटले की चुलीतली, मऊ, भांडी घासायची राख डोळ्यांसमोर येते. ज्वालामुखीची राख म्हणजे काही जळून उरलेले नव्हे. ती दगडाची आणि काचेची पूड. शिरगोळ्याची रांगोळी चिमटीत धरून पाहा, तिच्या खरखरीतपणावरून थोडी कल्पना येईल. फक्त ढगासोबत हजारो किलोमीटर जाणारे कण त्याहून कितीतरी बारीक, मिलिमीटरच्या हजाराव्या-शंभराव्या भागाएवढे असतात. ही पूड साधारण ११०० अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात त्याहून जास्त उष्णता असते. आत वितळलेली काच पुढच्या पात्यांवर जाऊन थिजते, हवेची वाट बुजते आणि इंजिन गुदमरते.

हे जगाला कळले २४ जून १९८२ च्या रात्री. ब्रिटिश एअरवेजचे लंडनहून ऑकलंडला निघालेले बोइंग ७४७ मुंबई, क्वालालंपूर असे थांबे घेत पर्थकडे चालले होते. विमानात २६३ माणसे. जावा बेटाजवळ ३७ हजार फुटांवर पुढच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचू लागल्या, केबिनमध्ये धूर दिसू लागला. त्या काळी विमानात सिगारेट चालत असे, त्यामुळे प्रथम कुणाला काही वाटले नाही. मग एकामागून एक चारही इंजिने बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी ते अजस्र विमान ग्लायडरसारखे तरंगत खाली आणले. १३ हजार फुटांच्या आसपास इंजिने पुन्हा सुरू झाली, कारण थंड झाल्यावर थिजलेली काच तडकून गळून पडली होती. जाकार्ताला उतरताना समोरच्या काचेतून काही दिसत नव्हते. राखेने ती पॉलिश पेपरने घासल्यासारखी आंधळी केली होती. हा प्रताप गालुंगगुंग ज्वालामुखीचा होता, हे नंतर उलगडले.

विमानाच्या नाकात हवामान रडार होते, आणि त्याच्या पडद्यावर काहीही नव्हते. त्यात रडारचा दोष नाही. ते पावसाचे थेंब टिपायला बनवलेले असते. इतकी बारीक, कोरडी पूड त्याच्या लहरींना जाणवतच नाही. अंधारात डोळ्यांनाही दिसत नाही. उजेडात दिसली तरी ती साध्या ढगासारखी दिसते. मग ओळखायची कशी?

याचे उत्तर ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ फ्रेड प्राटा यांनी १९८९ मध्ये मांडले, आणि मला ते अजूनही विलक्षण सुंदर वाटते. जमीन आणि समुद्र रात्रंदिवस उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण वर सोडत असतात. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांना हे किरण पाहायला शेजारी-शेजारी दोन खिडक्या होत्या, एक ११ मायक्रॉन तरंगलांबीची, दुसरी १२ मायक्रॉनची. त्या दोघींची तुलना करून समुद्राचे तापमान अचूक काढता येत असे. प्राटांनी दाखवून दिले की पाण्याचा किंवा बर्फाचा विरळ ढग मध्ये आला तर तो १२ मायक्रॉनचे किरण जास्त गिळतो. राखेतले सिलिकेट मात्र ११ मायक्रॉनचे जास्त गिळते. म्हणून दोन खिडक्यांतून मोजलेल्या तापमानांची वजाबाकी करायची, ११ मधून १२ ची. उत्तर अधिक आले तर पावसापाण्याचा ढग, उणे आले तर राखेचा संशय. फरक बहुधा थोड्याच अंशांचा असतो. तेवढ्यावर आज जगभरची विमाने वाट बदलतात.

संशय म्हटले ते मुद्दाम. वाळवंटातली धूळही उणे उत्तर देते, आणि अफारपासून थरच्या वाळवंटापर्यंतच्या वाटेवर वाळवंटांना तोटा नाही. उलट, ज्वालामुखीच्या तोंडाशी ढग इतका दाट असतो की दोन्ही खिडक्यांना फक्त त्याचा थंड माथा दिसतो आणि वजाबाकी शून्यावर येते. म्हणजे राख सर्वांत घातक असते तिथेच युक्ती थकते. १९९४ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या रबौलला तर समुद्राचे पाणी स्फोटात ओढले गेले, राखेवर बर्फाची पुटे चढली आणि उपग्रहांना तो साध्या बर्फाचा ढग वाटला.

म्हणून तिसरी खिडकी आली, ८.७ मायक्रॉनची. राखेसोबत ज्वालामुखीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू तिला कळतो. युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहांवर ती आहे, आणि त्यांपैकी एक हिंदी महासागरावर, ४५.५ अंश पूर्वेला, म्हणजे जवळपास अफारच्या डोक्यावरच आहे. तो दर १५ मिनिटांनी चित्र पाठवतो. तिन्ही खिडक्यांची वजाबाकी रंगांत उतरवली की राख लालसर-गुलाबी दिसते, वायू झगझगीत हिरवा, दोन्ही मिसळलेले असले तर पिवळे. हायली गुब्बीच्या ढगात हा वायू भरपूर होता आणि राख त्या मानाने कमी. वायू आणि राख नेहमी हातात हात घालून जात नाहीत. जड राख खालच्या वाऱ्याला लागते, वायू वरच्या. हिरव्याच्या मागे धावणाऱ्याकडून राख हुकू शकते.

तरीही राख कुठे आहे हे आता बऱ्यापैकी कळते. खरी पंचाईत आहे ती किती आहे, याची. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यालायोकुल ज्वालामुखीने (वृत्तनिवेदकांची बोबडी वळवणारा तोच) युरोपचे आकाश सहा दिवस जवळजवळ बंद पाडले. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, कोटभर प्रवासी अडकले. तोवर नियम सोवळ्याचा होता, राख दिसली की तिथे जायचेच नाही. आठवडाभरात तो परवडेनासा झाला आणि घनमीटरला २ मिलिग्रॅम, पुढे ४ मिलिग्रॅम अशा मर्यादा युरोपात आल्या.

आता हिशेब करून पाहा. समजा, उपग्रह सांगतो की एका चौरस मीटरच्या डोक्यावर मिळून एक ग्रॅम राख आहे. ती ५०० मीटर जाडीच्या थरात पसरली असेल, तर घनमीटरला २ मिलिग्रॅम. थर २५० मीटरचाच असेल तर ४. एक किलोमीटरचा असेल तर १, बिनघोर जा. पण वरून खाली पाहणाऱ्याला थराची जाडी दिसत नाही. पोळ्यांची चवड वरून बघून किती पोळ्या आहेत ते सांगायचे, तसेच हे. लेसर सोडून थर चिरून दाखवणारा कॅलिप्सो उपग्रह २००६ ते २०२३ असा चालला, मे २०२४ पासून अर्थकेअर आहे. पण त्यांची नजर एका रेषेपुरतीच असते, आणि ढग त्या रेषेखाली आला तरच उपयोग. उरलेले काम वाऱ्याच्या गणितावर आणि सल्लाकेंद्रात बसलेल्या माणसाच्या अंदाजावर चालते.

विमानांना राखेच्या सूचना देणारी अशी सल्लाकेंद्रे जगात नऊ आहेत. हायली गुब्बीच्या सूचना फ्रान्समधल्या तुलूझहून आल्या. अंदमानातले बॅरन बेट हा भारताच्या हद्दीतला एकमेव जागा ज्वालामुखी. त्याच्या सूचना ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून येतात. आपल्या इन्सॅट-३ डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या ३ डीएसच्या कॅमेऱ्यांना ११ आणि १२ मायक्रॉनच्या आसपासच्या दोन्ही खिडक्या आहेत, म्हणजे प्राटांची वजाबाकी आपल्याला घरबसल्या करता येते. ८.७ ची खिडकी मात्र त्यांच्यावर नाही. पुढच्या इन्सॅटवर ती असायला हवी.