खेळणाऱ्या मुलींचे गुडघे

शालेय स्पर्धांचे दिवस सुरू झाले की दवाखान्यात दुखरा गुडघा घेऊन येणाऱ्या मुली वाढतात. हकिगत बहुधा एकच असते. कोणाचा धक्का लागलेला नाही, कोणी पाडलेले नाही. खो-खोत हुलकावणी देताना किंवा कबड्डीत चढाईवरून परतताना ती एकदम वळली, गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि मुलगी खाली बसली. दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला.

अशा वेळी गुडघ्याच्या आतला एक अस्थिबंध तुटला असण्याची शक्यता मोठी असते. आम्ही डॉक्टर त्याला 'एसीएल' म्हणतो. मांडीचे हाड आणि नडगी यांना तो आतून तिरपा बांधून ठेवतो. सांगलीच्या स्मृती मानधना हिला जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना एसीएलचीच दुखापत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ती विश्वचषकात उतरली आणि वेस्ट इंडिजविरुद्ध तिने शतकही केले. पण तिच्या पाठीशी तज्ज्ञांची फौज होती. आपल्या गावातल्या मुलीच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा खर्च ऐकूनच घरचे म्हणतात, "पुरे झाला आता खेळ."

एकाच खेळातल्या मुलामुलींची तुलना केली, तर ही दुखापत मुलींना दुपटीहून अधिक प्रमाणात होते. उडीवरून उतरताना त्यांचे पाय पुष्कळदा ताठ राहतात आणि गुडघे एकमेकांकडे कोसळतात. याला शरीराची ठेवण थोडीफार कारण आहे, पण सवयही आहे. ओट्यावरून, भिंतीवरून उड्या मारायला मुलग्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मुलींना मात्र त्या कोणी मारू देत नाही!

क्रीडाशिक्षक आणि पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मैदानावर आपण ओरडतो, "गुडघा वाकव! गुडघा आत नेऊ नकोस!" हेतू चांगला असतो. पण पाय टेकल्यापासून सेकंदाच्या साधारण विसाव्या भागातच हा बंध तुटतो. तेवढ्यात गुडघ्याचा विचार करणार कोण? जिना उतरताना आपल्याच पावलांकडे लक्ष गेले की माणूस अडखळतो, तसाच हा प्रकार आहे. जर्मन संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगच्या सरावयंत्रावर एक प्रयोग केला. काहींना पायाने जोर द्यायला सांगितले, तर काहींना पायाखालच्या चाकांवर. हालचाल तीच, पण चाकांकडे लक्ष ठेवणारे ती अधिक चांगली शिकले. पुढे उडीच्या सरावातही असेच अनुभव आले.

म्हणून सूचना शरीराबाहेरच्या वस्तूची द्यावी. पायरीवरून उडी मारायला लावताना पुढे दोन विटा मांडा आणि सांगा, "दोन्ही वाट्यांचा रोख विटांकडे." "मागे स्टूल आहे, त्यावर बसायला निघालीस असे उतर." "उतरल्याचा आवाज मला ऐकू येता कामा नये." एका वेळी एकच सूचना द्यावी आणि आपण समोर उभे राहून गुडघे पाहावेत. तोल चुकला तर रागावण्यापेक्षा पुन्हा उडी मारायला लावणे बरे.

नुसते शब्द बदलून दुखापती टळतात, असे मात्र समजू नये. शब्दांनी उतरण्याची पद्धत सुधारते. दुखापत टळते ती नियमित व्यायामाने. उड्या, एका पायावरचा तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद आणि वळण्याचा सराव यांचे पंधरा-वीस मिनिटांचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा हवेत. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. अशा व्यायामाने मुलींमधल्या, धक्का न लागता होणाऱ्या एसीएलच्या दुखापती सुमारे दोन तृतीयांशाने कमी झाल्याचे त्यात दिसले. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. शाळेचे पटांगण, पायरी आणि फक्कीची रेषा पुरते.

एवढे करूनही गुडघा सुजलाच, तर मालीश करू नये आणि कोणाकडून ओढून 'बसवून' घेऊ नये. फडक्यात बर्फ गुंडाळून शेकावे, पट्टी बांधावी आणि डॉक्टरांना दाखवावे. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाही; त्यामुळे "फोटोत काही नाही" या शब्दांवर विसंबून मुलीला पुन्हा खेळायला पाठवू नका. सूज उतरल्यावरही वळताना किंवा जिना उतरताना गुडघा निसटतो असे ती म्हणत असेल, तर महिना उलटून गेला असला तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तोवर तिला मैदानात उतरवू नये, कारण असा गुडघा पुन्हा पुन्हा निसटला की आतली गादीही फाटते.