जुळ्यांचा आनंद आणि अपुरे दिवस

जोडकेळे खाल्ले की जुळे होते, असा आपल्याकडे जुना समज आहे. आता जुळी पूर्वीपेक्षा अधिक दिसतात, पण त्याचे कारण केळ्यात नसून बऱ्याच अंशी वंध्यत्वाच्या उपचारांत आहे. अनेक वर्षे वाट पाहिलेल्या जोडप्याला वाटते, एकाच खर्चात दोन मुले झाली तर बरेच. ही इच्छा समजण्यासारखी आहे. तिची किंमत मात्र बाळांना मोजावी लागू शकते.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेले बाळंतपण म्हणजे अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण. पोटात एकच बाळ असेल, तर साधारण दहापैकी एका बाळंतपणात असे घडते. जुळ्यांमध्ये निम्म्याहून अधिक वेळा घडते. दोन बाळांमुळे गर्भाशय लवकर ताणले जाते आणि कळाही लवकर सुरू होतात. कधी आईचा रक्तदाब वाढतो, कधी एका बाळाची वाढ खुंटते आणि डॉक्टरांनाच प्रसूती लवकर करावी लागते. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय जास्त असेल, तर रक्तदाब आणि मधुमेहाची शक्यता आणखी वाढते.

पस्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली बहुतेक बाळे सावरतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या बाळाची फुप्फुसे मात्र कच्ची असतात. मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि दृष्टिपटलाचे विकार यांचा धोका असतो. अशा बाळाला अनेक आठवडे अतिदक्षता विभागात ठेवावे लागते. वाचवलेला खर्च तिथेच संपतो.

ही जोखीम बऱ्याच प्रमाणात टाळता येते. टेस्ट ट्यूब बेबी उपचारात गर्भाशयात किती भ्रूण सोडायचे, हे आधी ठरवता येते. स्वीडनने २००३ पासून बहुतेक स्त्रियांमध्ये एकच भ्रूण सोडण्याचा नियम केला. तेथे या उपचारांतील जुळ्यांचे प्रमाण खूप खाली आले, पण यशाचे प्रमाण फारसे घटले नाही. उरलेले चांगले भ्रूण गोठवून पुढच्या वेळी वापरता येतात. वय अधिक असेल किंवा आधीचे प्रयत्न फसले असतील, तर निर्णय वेगळा होऊ शकतो. एकच भ्रूण सोडूनही क्वचित त्याचे दोन भाग होऊन जुळे होते. बीजनिर्मितीच्या गोळ्या-इंजेक्शनांनीही जुळे होऊ शकते, म्हणून ही औषधे सोनोग्राफीच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत.

जुळे राहिलेच, तर घाबरून जाऊ नये. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार एक आहे की दोन, हे पाहून घ्यावे. दोन्ही बाळांची वार एकच असेल, तर अधिक वेळा तपासणी लागते. नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नाव नोंदवावे. नुसते अंथरुणाला खिळून राहिल्याने लवकरची प्रसूती टळत नाही. पोट वारंवार कडक होणे, कंबरेत कळा, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. वेळेत पोहोचल्यास बाळाची फुप्फुसे पक्की होण्यासाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देता येतात.

उपचार सुरू करण्यापूर्वी प्रत्येक जोडप्याने डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : किती भ्रूण सोडणार आणि का?